जिवलीचा रजेचा अर्ज

पहिल्या भेटीत जिवलीने मला नमस्कार केला नाही. तुमचं भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे, एवढंच सांगितलं आणि समोरची खुर्ची सोडून दाराशी उकिडवी बसली. मी म्हटलं, अगं, मुद्दाम पुढे ठेवलंय, लोक वेळेवर यावेत म्हणून. तर म्हणाली, "मग ते खोटं हाय." झालं! एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेली मी, भल्याभल्या साहेबांना टेबलासमोर तिष्ठत ठेवलेलं, आणि जामसरच्या पाड्यावरची ही सव्वीस वर्षांची मुलगी मला तोंडावर खोटारडी म्हणत होती. तिची आई चंदा मागे उभी राहून पदराने तोंड पुसत होती.

निवृत्तीनंतर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात लुडबुड करण्यापेक्षा बरं, म्हणून मी हे काम घेतलं. संस्था ठाण्याची. ज्यांचं डोकं चारचौघांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने चालतं अशा तरुण माणसांना नोकरी मिळवून द्यायची आणि ती टिकेपर्यंत पाठीशी उभं राहायचं, असं काम. जव्हार-मोखाड्यासाठी एक खोली, एक टेबल आणि मी. माझी साहेब म्हणजे रुचिरा, वयाने माझ्या धाकट्या भाचीएवढी, सगळा कारभार फोनवरून. तिने मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. तिथे पडद्यावर एक चकचकीत ऑफिस दाखवलं, त्यात काचेची शांत खोली, कानाला लावायचे हेडफोन. मी हात वर करून विचारलं, आमच्याकडे ऑफिसं कुठली? आमच्याकडे दुसऱ्याचं शेत, नाहीतर वीटभट्टी. शिकवणारा म्हणाला, खूप चांगला मुद्दा आहे, आणि पुढचं चित्र दाखवलं. मी म्हटलं, कपाळ माझं!

जिवली आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकली. वाचते छान, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पण वर्गात भांडी खणखणली की कानावर हात ठेवून बाहेर पळायची, कुणी ओरडलं की दोन दोन दिवस बोलायची नाही. शाळेने घरी पाठवलं, गावाने वेडी म्हणून सोडून दिलं. एका शिबिरात कुण्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि स्वमग्न असा शब्द कागदावर लिहिला. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. चोवीस वर्षं एका शब्दाला! त्या शब्दाने चंदाचं काय भलं झालं ते तिलाच ठाऊक, पण जिवलीने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला. तिला लिहिलेलं आवडतं. बोललेलं बदलतं, लिहिलेलं बदलत नाही, असं तिचं म्हणणं. या एका बाबतीत आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. बाकी सगळ्यात तिने माझ्या नाकी नऊ आणले.

तिला नोकरी का हवी, हे मला चंदाने सांगितलं. या कुटुंबाला जमिनीचा तुकडा नाही. पावसाळ्यात लोकांच्या भाताची लावणी-कापणी, आणि दिवाळी उरकली की ट्रक येतो, अर्धा पाडा त्यात बसून वसईकडे भट्टीवर जातो. जिवलीलाही नेत. तिथे रात्रंदिवस गाड्यांचा आवाज, धूर, झोपायची जागा दर आठवड्याला निराळी. गेल्या वर्षी ती तिथून दोनदा निघाली आणि हमरस्त्याने जव्हारच्या दिशेने चालत सुटली. दुसऱ्या वेळी मनोरच्या पुढे सापडली, एका ट्रकने जवळजवळ उडवलंच होतं. मग तिच्या बापाने, बुध्याने, काय करावं? संध्याकाळी तिचा पाय दोरीने झोपडीच्या खांबाला बांधला. चार महिने. बुध्या वाईट माणूस नाही हो. दिवसभर चिखल तुडवून आलेला माणूस रात्री मुलीवर नजर ठेवायला जागा राहणार कसा? चंदाने मला जिवलीच्या घोट्यावरचा वळ दाखवला आणि मी तिच्यावरच खेकसले, की मला कशाला दाखवतेस, मी काय करू. असं आहे माझं तोंड. घरी जाऊन जेवले नाही त्या दिवशी.

तेव्हा ठरलं असं. ट्रक यायच्या आत जिवलीला जव्हारला काम लागलं आणि टिकलं, तर ती गावातच बुध्याच्या बहिणीकडे, पारूकडे, राहील. पारूचं सासर त्याच पाड्यात, चार घरं सोडून. काम नाही टिकलं, तर पुन्हा भट्टी आणि पुन्हा तो खांब.

विक्रमगड रस्त्याला श्रीकृष्णशेठचा काजूचा कारखाना आहे. पुढच्या शेडमध्ये बिया फोडायची यंत्रं, त्यांचा खडखडाट. मागच्या खोलीत बायका काजूगराची साल काढतात आणि अख्खे, पाकळ्या, तुकडे असे निवडतात. ती खोली शांत. मी महिनाभर शेठच्या मागे लागले. शेवटी ते म्हणाले, आणा तुमच्या मुलीला, बघू तरी. रुचिराने फोनवर सांगितलं होतं की मुलाखतीचा सराव करून घ्या. घेतला की! पंधरा दिवस घेतला. समोर बघ, हस, नमस्कार म्हण. भिंतीला शिकवलं असतं तर एव्हाना भिंत हसली असती.

शेठने विचारलं, काम आवडेल का? जिवली म्हणाली, माहीत नाय, अजून केलं नाय. इथेच का यायचंय? भट्टीवर जायचं नाय म्हणून. मी टेबलाखालून शेठच्या पायाला लाथ मारली, मारायची होती जिवलीला. शेठ माझ्याकडे वळून, ती समोर बसलेली असताना, म्हणाले, आशाताई, ही वेडी आहे का? मी तोंड उघडायच्या आत जिवलीने पिशवीतून कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. "वेडी नाय. हे वाचा." शेठने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, भातकापणीला माझ्या निम्म्या बायका गायब होतात, म्हणून घेतोय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुळशीच्या लग्नापर्यंत बघतो. अट एकच. एकही खाडा चालणार नाही. गावात पाहुणा आला, खाडा. कुणाचं नाक वाहतंय, खाडा. न सांगता घरी राहतात आणि इथे माझा वाफवलेला माल पडून राहतो. एक खाडा झाला की विषय संपला.

मग माझी खरी हमाली सुरू झाली. जीपमध्ये पाठीमागे चौदा माणसं कोंबतात, तिथे जिवली बसणं शक्य नाही. जीपवाल्याशी भांडून सकाळच्या पहिल्या जीपची पुढची सीट तिच्यासाठी धरून ठेवायला लावली. शेठच्या मुकादमाला सांगितलं, तिला तीन कामं एकदम सांगू नका, एक झालं की दुसरं सांगा, आणि लांबून ओरडू नका, जवळ येऊन बोला. तो म्हणाला, म्हणजे तिची खास बडदास्त? मी म्हटलं, तुझ्याशीही तसंच बोललं असतं कुणी तर तू आज मुकादम नसतास, मालक असतास.

काम तिला जमलं. फार भराभर नव्हे, पण एकसारखं. भांडण फक्त एकदा झालं. ज्याचं टोक उडालंय असा गर शेठ अख्ख्यात टाकायला सांगत, आणि ही टाकेना. हा अख्खा नाय, म्हणे. दोन दिवस माझा फोन वाजत होता. शेवटी शेठनेच हात टेकले आणि टोक उडालेल्यांची निराळी टोपली केली.

आणि पहिल्याच आठवड्यात चंदाने घोटाळा केला. कुणाच्यातरी शेतावर कापणीला माणूस कमी पडलं म्हणून जिवलीला घरी ठेवून घेतलं. जीपवाल्याचा फोन आला, मॅडम, तुमची सीट रिकामी आहे. मी रिक्षा करून जामसर गाठलं, चंदाला जे तोंडात येईल ते बोलले आणि दहा वाजता जिवलीला कारखान्यात नेऊन बसवलं. शेठने त्या दिवसाकडे कानाडोळा केला. पण मी धडा घेतला. आता या लोकांच्या तोंडी बोलण्यावर विसंबायचं नाही. जाड पुठ्ठ्याचं कार्ड घेतलं आणि माझ्या कचेरीतल्या अक्षरात लिहिलं: सोमवार ते शनिवार, सकाळी आठ वाजता कामावर हजर राहणे. कोणीही, काहीही, कोणत्याही कारणाने सांगितले तरी घरी राहू नये. खाली सही आशालता, आणि जुनी सवय म्हणून तारीख. जिवलीने ते तीनदा वाचलं आणि खूश झाली. खूश झाली म्हणजे हसली नाही, कार्ड डॉक्टरीणबाईंच्या कागदाशेजारी पिशवीत ठेवलं. मी पण खूश. कुठलंही परिपत्रक काढताना मी अशीच खूश असायचे.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाला आठ दिवस राहिले. आणि पारूची सासू, माघी म्हातारी, गुरुवारी रात्री गेली.

आमच्या बाजूच्या पाड्यांत माणूस गेलं की पाडाभर काम थांबतं. कुणी कोयता हातात घेत नाही, कुणी गाव सोडत नाही. बाया त्या घराच्या अंगणात जाऊन बसतात, अगदी भांडण असलेल्या घरच्यासुद्धा. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. या तालुक्यात जन्म गेला माझा. शुक्रवारी सकाळी पारूच्या अंगणात सगळ्या बाया बसलेल्या, ओसरीवर म्हातारीला ठेवलेलं, आणि जिवली नेहमीसारखी वेणी घालून, डबा घेऊन त्या अंगणातून, बायांच्या मधून, जीपकडे निघाली. चंदाने दंड धरला तर सोडवून घेतला. पारूने हाक मारली. जिवली थांबली, कार्ड काढलं, वाचलं आणि गेली. त्या दिवशी जीपमध्ये जामसरची ती एकटी होती. कारखान्यातही जामसरची ती एकटीच.

मला शनिवारी चंदाचा फोन आला. पारूने दार बंद केलं होतं. या पोरीला मी ठेवणार नाय, भट्टीवर न्या तिला. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी ट्रक यायचा होता. बुध्याने ठेकेदाराला एक माणूस वाढेल म्हणून कळवूनही टाकलं होतं. माझा असा काही संताप झाला, की विचारू नका. महिनाभर घसा कोरडा करून एक नोकरी उभी केली आणि ती कोसळली कुणामुळे? नोकरी देणाऱ्यामुळे नाही, करणारीमुळे नाही, एका म्हातारीच्या मरण्यामुळे. असं वाटत होतं मला तोवर.

रविवारी जामसरला गेले. पारूच्या अंगणात खाटेवर मला बसवलं, समोर पाच-सहा बाया, बाजूला बुध्या आणि दोन वयस्क पुरुष. जिवली कुडाला टेकून उभी. मी रुचिराने पाठवलेलं माहितीपत्रक काढलं आणि समजावू लागले. पारूबाई, तिचा दोष नाही, तिच्या मेंदूची ठेवण निराळी आहे, तिला या गोष्टी आपल्यासारख्या उमजत नाहीत, तिला आपण समजून घ्यायला हवं. ते सगळं मी वाचत होते. पारूने ऐकून घेतलं, मग पत्रकावर हात ठेवला.

"बाय, मी आजवर तिच्यावर राग धरला नाय. लग्नात पंगतीतून उठून गेली, होळीला आली नाय, मी बोलले, जाऊ दे, ती तशीच. वेड्यावर कोण राग धरतो? आता ती कामाला जाती. तुम्हीच बोलला ना, चार बायांसारखी ती पण बाई हाय? मग चारी बाया माझ्या दारात बसल्या होत्या. ती कुठं होती?"

महिनाभर मी शेठला, मुकादमाला, जीपवाल्याला घसा फोडून सांगत होते की तिला माणसांत धरा. इथे या बाईने तिला माणसांत धरलं होतं, आणि मी पत्रक घेऊन सांगायला आले होते की धरू नका.

जिवलीने कार्ड पुढे केलं. पारूला वाचता येत नाही. ती मला म्हणाली, वाचा. मी वाचलं. कोणीही, काहीही, कोणत्याही कारणाने. त्या अंगणात ते शब्द ऐकताना मीच कानकोंडी झाले. कुणी लिहिलं, पारूने विचारलं. मी म्हटलं, मी. मरणाचं माझ्या डोक्यात आलं नाही.

"तुमच्या हापिसात कुणाच्या घरचं माणूस मेलं तर लोक काय करायचे?"

"रजा टाकायचे," मी म्हटलं.

"मग हिला रजा नाय?"

एकतीस वर्षं! किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपणाची रजा, हजारो अर्जांवर मी आवक क्रमांक टाकले. चुलत सासऱ्याच्या मावसभावाचं वर्षश्राद्ध म्हणून रजा घेतलेले साहेब मी पाहिले. आणि जिवलीसाठी लिहिताना मला एक दिवससुद्धा सुचला नव्हता. पाड्यावरची माणसं म्हणजे खाडे करणारी, रजा ती आपली, हे माझ्या हाडात इतकं मुरलेलं होतं. शेठला नावं ठेवत होते मी, पण कार्ड त्यांनी लिहिलं नव्हतं.

मी खाटेवरून उठले आणि खाली बायांच्या रांगेत जमिनीवर बसले. गुडघे दुखतात माझे, तरी बसले. म्हटलं, चूक माझी. मग पारूने आपलं म्हणणं सांगितलं. गुरुवारी म्हातारीचे दिवस घालायचे आहेत, त्या दिवशी जिवली इथे हवी. आली, तर तिचं अंथरूण माझ्या घरात. नाही आली, तर बुध्याने न्यावी.

म्हणजे पुन्हा शेठ. सोमवारी मी कारखान्याच्या बाहेर बाकावर बसून अर्ज लिहिला. घरगुती कारणास्तव एक दिवसाची रजा मिळावी, अशी माझी सुरेख, तयार, कचेरीतली भाषा. जिवली सही करेना. "घरगुती नाय. माघी आजी मेली." मी म्हटलं, अगं बाई, तेच ते. तेच नाय, म्हणाली. तीन कागद फाडले मी. आठ वाजायला पाच मिनिटं, मुकादम दारातून बघतोय, आणि ही शब्दासाठी अडून बसलेली. शेवटी पेन तिच्या हातात दिलं, लिही तूच काय ते. तिने लिहिलं: माझ्या आत्याची सासू माघी मेली. गुरुवारी तिचे दिवस आहेत. सगळ्या बाया तिथे असतात. मी पण असेन. शुक्रवारी आठ वाजता येईन. जिवली.

शेठने वाचला आणि सुरुवात केली, आशाताई, अट म्हणजे अट. मी म्हटलं, शेठ, गेल्या शुक्रवारी जामसरच्या किती बायका आल्या? एकही नाही, म्हणाले, साधा फोन नाही. आणि ही? ही आली, म्हणाले. आली ना? त्यापायी हिच्या घराचं दार बंद झालंय. आणि आता ही तीन दिवस आधी लेखी देतेय. तुमच्या वीस वर्षांत कुणी दिलंय? शेठने अर्ज उलटून मागे बघितलं, जणू मागे काही फसवणूक लिहिलेली असेल. मग जिवलीला विचारलं, शुक्रवारी नक्की येशील? ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, लिहिलं हाय. त्यांनी मंजूर असं लिहून सही केली, आणि लगेच कुरकुर सुरू, की आता सगळ्याच लिहून द्यायला लागतील. मी म्हटलं, लागू देत की, तुमचा माल तरी पडून राहणार नाही.

गुरुवारी मी पण गेले, माझ्या जिवाला चैन नव्हतं. भगत आलेला, गाणं म्हणत होता, बायांचं रडणं चढलं, मुलं, कुत्री, चुलीवर मोठी पातेली. जिवली पहिल्या रांगेत बसली होती, पारूने सांगितलं होतं तिथे. दहा मिनिटांत तिचे हात कानावर गेले. मग ती झुलायला लागली. मला वाटलं, आता ही उठून पळणार आणि सगळं मुसळ केरात जाणार. मी पिशवीत हेडफोन आणले होते, संस्थेचे, नवेकोरे. ते काढायच्या नादात होते, तेवढ्यात पारू रडता रडता उठली, डोळे पुसले, जिवलीजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, खाली विहिरीवर जा, तांदूळ धुऊन आण, एक टोपली झाली की दुसरी ने. बस. जिवली उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि विहिरीकडे गेली. पंगत उठेपर्यंत तिने तांदूळ धुतले, पाणी आणलं, पातेली घासली, सगळं अंगणापासून लांब, एकेक काम संपलं की दुसरं. जवळ जाऊन सांगायचं, एका वेळी एकच सांगायचं, हे पारूला कुणी पडद्यावर दाखवलेलं नव्हतं. मी हेडफोन परत पिशवीत कोंबले. रुचिराला ही गोष्ट फोनवर सांगितली तर म्हणाली, वा, याचं एक सादरीकरण करूया! मी फोन ठेवून दिला.

शुक्रवारी आठला जिवली कारखान्यात होती. शनिवारी तुळशीचं लग्न. त्या संध्याकाळी मी शेठसमोर जाऊन उभी राहिले. कायम वगैरे शब्द शेठकडे नाहीतच. ते म्हणाले, सोमवारी येऊ दे तिला, आणि एवढं बोलून टोपल्या मोजायला लागले. मी रस्त्यावर येऊन पदर डोळ्यांना लावला. चिडून रडले की आनंदाने, सांगता येत नाही.

सोमवारी ट्रक आला. वाटेत कारखान्यापाशी दोन मिनिटं थांबव म्हणून मी ड्रायव्हरला बजावून ठेवलं होतं. अकरा वाजता तो फाटकाशी येऊन उभा राहिला, वर माणसं, हंडे, गोधड्या, कोंबड्या. बुध्या मागच्या फळीला धरून उभा. चंदा खाली उतरली. तिला सहा महिने मुलगी दिसणार नव्हती. मी आत जाऊन जिवलीला म्हटलं, चल, आई आलीये, निघालेत ते. तिने हातातला गर सोलला, अख्ख्यांच्या टोपलीत टाकला आणि दुसरा घेतला.

"जेवायची सुट्टी एक वाजता हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आईला सांगा, पारू आत्याकडे माझं अंथरूण दाराजवळ घातलंय. वारा येतो."

मला इतका राग आला! आई बाहेर उन्हात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हिला घड्याळ दिसतंय. असं कुणी वागतं का आईशी? मी तशीच तणतणत बाहेर आले आणि चंदाला म्हटलं, येत नाही गं ती, माफ कर, तुला ठाऊक आहे ती कशी आहे. अंथरुणाचंही सांगितलं.

चंदा फाटकातून आतल्या शेडकडे बघत राहिली. वरून कुणीतरी बाई ओरडली, काय गं चंदे, पोरगी भेटायला पण आली नाय? चंदाने पदर खोचला, चाकावर पाय देऊन वर चढली आणि बुध्याशेजारी बसली. मग सगळ्या ट्रकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कशी येईल? कामावर हाय ती."